बावीसातला मीच सापडलो, हा अन्याय नाही का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत आहे. मागच्या वर्षी हप्त्यावर चारशे सीसीची गाडी घेतली आणि एका रायडिंग ग्रुपमध्ये गेलो. रविवारी पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ जमायचं आणि सातारा रोडने वाईला नाश्त्याला जायचं असं असतं. गेल्या रविवारी बावीस गाड्या होतो, मी सगळ्यात मागे. परत येताना कापूरहोळला एक स्कूटीवाले काका बिचकून साइडला गेले आणि पडले, पण आमच्या कुणाचा धक्का लागला नव्हता आणि तिथली लोकं धावली होती. नंतर खेड शिवापूरला पोलिसांनी हात केला तर पुढचे सगळे निघून गेले आणि मला एकट्याला धरलं. चावी काढून घेतली, धोकादायक ड्रायव्हिंग, सायलेन्सर, नंबरप्लेट, सगळ्याचं चलन टाकलं. साहेब म्हणाले बाकीच्यांची नावं दे, मी नाही दिली. आणि ग्रुपवर कुणी साधं विचारलंही नाही, उलट ॲडमिननी टाकलं की स्लो रायडर्समुळे सगळे अडचणीत येतात. हा अन्याय नाही का? ग्रुप सोडू का? नावं द्यायची का? दंड कमी होतो का? – शेवटची गाडी, पुणे. ता.क. गाडी पप्पांच्या नावावर आहे आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

अरे शेवटच्या गाडी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळेला कापूरहोळच्या त्या एका वाक्यावर अडकले. तू ते पटकन उरकलंयस. काका बिचकले, पडले, लोकं धावली, पुढे चला. दंडाचं, ॲडमिनचं, चावीचं तू सविस्तर लिहिलंस आणि एक माणूस हायवेवर आडवा झाला ते मात्र "पण" लावून मिटवून टाकलंस. त्यावर येतेच मी, पण आधी तुझा अन्यायाचा मुद्दा घेऊ कारण तुझा जीव त्यातच अडकलाय असं दिसतंय.

तुलाच का धरलं? कारण तू मागे होतास, दुसरं काही नाही. जरा त्या बाजूला उभा राहून बघ. टोलनाक्याच्या अलीकडे तीन-चार माणसं, त्यातला एक मशीन घेऊन, एक मोठ्या गाड्या बाजूला घेतोय, आणि समोरून बावीस बाइक येतायत, एका लेनमध्ये पण नाही, तिन्ही लेन भरून. आडवं कोण जाणार? हातातली काठी आडवी धरली आणि पहिल्याने ब्रेक दाबला तर मागचे पाच त्याच्यावर चढणार आणि त्यांच्यामागे कंटेनर. पाठलाग करावा तर पोलिसांची बोलेरो रविवारच्या गर्दीत बाइकच्या मागे कशी जाणार, आणि समजा गेली आणि त्या घाईत एखादा पोरगा घसरून गेला, तर दुसऱ्या दिवशी चौकशी कुणाची लागते? माझा मावसभाऊ बरीच वर्षं हायवे ड्युटीला होता, तो सांगायचा की ग्रुप आला की आम्ही पुढच्यांकडे बघतच नाही, जो थांबवता येईल तोच थांबवायचा. म्हणजे एकतर जो घाबरून वेग कमी करतो तो, नाहीतर शेवटचा. तू दोन्ही होतास.

तुला वाटत असेल कॅमेरे आहेत, स्पीडगन आहे, मग बाकीच्यांना घरबसल्या पकडा की. पकडतात ना, ज्यांची नंबरप्लेट वाचता येते त्यांना. पण तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांची वाचता येते ते तूच मोज. तुझ्याच चलनात नंबरप्लेट आहे. म्हणजे तुझी एकतर सीटखाली दुमडलेली असणार, नाहीतर टेल टायडी, म्हणजे मागची प्लेट धरायचा बाहेरचा छोटा ब्रॅकेट, लावून वर आभाळाकडे केलेली, नाहीतर शेवटच्या आकड्यावर काळी चिकटपट्टी. काही महाभाग तर दुसऱ्याच गाडीचा नंबर लावून फिरतात, मग चलन जातं एखाद्या शिक्षिकेच्या ॲक्टिव्हावर आणि ती बिचारी खेटे घालत बसते की मी त्या दिवशी हायवेला गेलेच नव्हते. स्पीडगन एका वेळेला एकच गाडी मोजते. टोलला चारचाकीचा फास्टॅग वाचला जातो, तुम्ही डावीकडच्या पट्टीतून सटकता कारण दुचाकीला टोल नाही. आणि हद्द बघ, बोगद्याच्या अलीकडे पुणे शहर, पलीकडे ग्रामीण, सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तासाभराच्या राइडमध्ये तीन पोलीस दलं बदलतात आणि तुम्ही मात्र एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्यात पुढे गेलेला मागच्यांना "इंटरसेप्टर उभी आहे", म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची गाडी, म्हणून लोकेशन टाकतो. टाकतो ना? तू लिहिलं नाहीस पण मला माहितीये.

पकडल्यावर तरी काय होतं? शर्यत लावली म्हणून मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलं तर वर्षभर आणि दहा हजार. ऐकायला कडक आहे पण कोर्टात शर्यत होती हे सिद्ध करायचं कसं? तुम्ही म्हणणार आम्ही मिसळ खायला गेलो होतो. म्हणून मग धोकादायक ड्रायव्हिंगचं १८४ लावतात, ते एकेकट्यावर लागतं आणि दाखवायला सोपं. तुला तेच लागलंय. जप्त केलेली गाडी सोडवून नेता येते आणि पुढच्या रविवारी तीच गाडी परत बोगद्याजवळ उभी, हे पोलिसांनाही पाठ झालंय. आता रील्समुळे जरा फरक पडायला लागलाय, पोरं स्वतःच स्पीडोमीटरचा व्हिडिओ टाकतात, चेहरा, गाडी, वेळ, जागा सगळं असतं आणि मग पोलीस मंगळवारी घरी येतात. तुझ्या हेल्मेटवर कॅमेरा असेल तर त्यात काय काय आहे ते एकदा शांतपणे बघून घे, आणि डिलीट करू नकोस, का ते खाली सांगते.

पोलिसांचं सगळं बरोबर असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. चावी अशी ओढून काढणं मला पटत नाही, आणि एकाला धरून बाविसांचा राग त्याच्यावर काढणं हेही नाही. पण अन्याय म्हणायचा तर तुझ्यावर लावलेलं एखादं कलम खोटं पाहिजे. आहे का? सायलेन्सर बदलला होतास का? प्लेट दिसत होती का? वेग किती होता? तू पत्रात कुठेही "मी नव्हतो" असं म्हटलेलं नाहीस, "मी एकटाच का" एवढंच म्हटलंयस.

आता तुमच्या ॲडमिनसाहेबांच्या स्लो रायडरबद्दल. हे मला मनापासून चिडवून गेलं म्हणून जरा आकडेमोड करते, तू कंपनीत आहेस तुला कळेल. हायवेला दुचाकीची मर्यादा ताशी ८० धरू. ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे ४४ मीटर. बावीस गाड्या एका रांगेत नीट चालल्या तर पहिला आणि शेवटचा यांच्यात जवळजवळ एक किलोमीटर पडतं. डावी-उजवी अशी आडवीतिरपी रांग केली तरी अर्धा किलोमीटर. आता मला सांग, रविवारी सकाळी सातारा रोडला अर्धा किलोमीटर रस्ता कुणाच्या बापाने तुमच्यासाठी मोकळा ठेवलाय? मध्ये एसटी येणार, उसाची ट्रॉली येणार, महाबळेश्वरला निघालेली फॅमिली येणार. मग दोनच गोष्टी होतात. एकतर अंतर कमी करून सगळे एकमेकांच्या टायरला चिकटतात, नाहीतर रांग रबरासारखी ताणते आणि शेवटच्याला ओढत नेते.

शेवटच्याचं गणित तर भयंकर आहे. समज पुढचे कंटेनरला ओव्हरटेक करून १०० ने निघाले आणि तू त्या कंटेनरच्या मागे ५० वर फक्त वीस सेकंद अडकलास. तेवढ्यात तू पावणेतीनशे मीटर मागे पडलास. ते भरून काढायला तुला १२० ने पाऊण-एक मिनिट पळवावी लागते, दीड किलोमीटरच्या वर, आणि तोपर्यंत पुढे दुसरा कंटेनर आलेला असतो. म्हणजे पुढचा १०० ने आरामात चाललाय आणि ग्रुपमधला सगळ्यात नवीन, सगळ्यात कमी सराव असलेला पोरगा मागे १२० ने जीव तोडून पळतोय, पूर्ण सकाळ. १२० ला नजरेला काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एका सेकंदात तेहतीस मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असतील तर, थांबायला आणखी सत्तरेक मीटर. ज्याला ते स्लो म्हणतायत तो तूच ग्रुपमध्ये सगळ्यात फास्ट चालवत होतास, बाळा. ॲडमिनला हे माहीत नसेल तर त्याने वीस गाड्या घेऊन बाहेर पडू नये, आणि माहीत असेल तर अजूनच पडू नये.

ज्यांना खरंच राइडिंग येतं ते लोक याच्या उलट करतात. पाच-सहाचे छोटे गट, दोन गटांत चांगली दहा मिनिटं, नवीन माणूस लीडच्या लगेच मागे दुसऱ्या नंबरला, शेवटी सगळ्यात अनुभवी. वेग नवीन माणसाचा. कुणी सिग्नलला मागे राहिला तर पळायचं नाही, पुढची थांबायची जागा आधीच ठरलेली असते, तिथे भेटायचं. नवीन पोराला शेवटी ठेवणारा ग्रुप मला एका वाक्यात कळतो.

बरं, आता कापूरहोळ.

धक्का लागला नाही हे तू खात्रीने कसं सांगतोस? तू शेवटी होतास, तुझ्यापुढे एकवीस गाड्या, काका कुणामुळे बिचकले ते तुला दिसलं का? त्या पट्ट्यात गावातली लोकं स्कूटीवर हायवेला येतातच, सर्व्हिस रोड असला तरी कुठे तुटलेला, कुठे टपऱ्यांनी भरलेला. साठीच्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी फटाके सायलेन्सर लावलेल्या गाड्या हातभर अंतरावरून गेल्या तर त्याचं हँडल हलणारच. स्पर्श झाला नाही म्हणून आपला काही संबंध नाही असं तू समजू नकोस, कायदाही तसं समजत नाही. तुमच्या गाड्यांमुळे कुणाला लागलं तर थांबायचं, त्याला दवाखान्यात पोचवायची सोय करायची आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं हे चालवणाऱ्याचं काम आहे, १३४ कलमात ते स्पष्ट लिहिलंय. न थांबणं हा वेगळा गुन्हा होतो. आणि मदत करणाऱ्याला त्रास नको म्हणून त्याच कायद्यात १३४-अ आहे, त्यामुळे "थांबलो असतो तर आपल्यावरच आलं असतं" हे कारण फारसं चालत नाही.

आणखी एक. कापूरहोळला माणूस पडला आणि थोड्याच वेळात पुढच्या नाक्यावर पोलीस हात करून उभे होते. योगायोग असेलही. पण धावलेल्या लोकांपैकी कुणीतरी ११२ लावला असणार असं मला फार वाटतंय, आणि साहेब नावं मागत होते ती दंडासाठीच मागत होते का, हा विचार तू केलेला नाहीस.

म्हणून तुझ्या बाकीच्या प्रश्नांआधी हे काम कर, उद्याच कर. एखादा ओळखीचा वकील गाठ, नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विचार, आणि त्यांच्या सल्ल्याने कापूरहोळ ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे जाऊन सांग की त्या रविवारी मी तिथून गेलो, एक गृहस्थ पडलेले बघितले, थांबलो नाही, त्यांची तब्येत कशी आहे. चोवीस तास होऊन गेलेत मला माहितीये, तरी जा. कॅमेऱ्यातलं फुटेज असेल तर तसंच ठेव, त्यात कदाचित तुझाच बचाव असेल. काका ठीक असतील, गुडघा खरचटून घरी गेले असतील तर देवाची कृपा. नसतील ठीक, तर पोलिसांनी तुला शोधत येण्यापेक्षा तू आपणहून गेलेला बरा, हे कुठलाही वकील सांगेल.

आता नावांचं. हायवेवर चावी हातात घेऊन दरडावून विचारलं तेव्हा तू गप्प बसलास, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही, घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही. नुसत्या दंडासाठी दोस्तांची यादी द्यायलाही मी सांगणार नाही, ती शोधणं त्यांचं काम आहे. पण त्या काकांबद्दल गुन्हा नोंद झाला असेल आणि रीतसर जबाब घेतला तर खोटं बोलायचं नाही, कोण होतं ते सांगायचं. ज्यांच्यासाठी तू तोंड मिटून उभा राहिलास त्यांनी तुला "पोचलास का" एवढा एक मेसेज टाकला नाही, हे विसरून जबाबाला बसू नकोस.

दंडाचं. चलन चुकीचं असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकता येते, पण तुझं बरोबर आहे असं तुझ्याच पत्रावरून दिसतंय, तर भरून टाक. लोकअदालतीत कधीकधी तडजोडीने कमी होतं, नोटीस आली तर जरूर जा. तिथेच काहीतरी देऊन मिटवायला हवं होतं असं तुला मित्र सांगतील, ऐकू नकोस. दंडापेक्षा लायसन्सची काळजी कर. १८४ मध्ये पोलीस लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे निलंबनासाठी पाठवू शकतात, आणि तेवढे दिवस तू कंपनीत कसा जाणार ते बघ. आणि इन्शुरन्सची पॉलिसी एकदा उघडून वाच, कुणीच वाचत नाही. आपल्याकडच्या दुचाकी पॉलिसीत सरळ लिहिलेलं असतं की शर्यत, स्पीड टेस्टिंग असल्या वापराला कव्हर नाही. तुमच्या ग्रुपच्या रीलवर कुणी "रेस" लिहून टाकलं असेल तर कंपनीच्या हातात आयतं कोलीत आहे.

ग्रुप सोडू का हे विचारतोयस म्हणजे तुला उत्तर माहितीये, तुला फक्त एकटं पडायची भीती वाटतेय. ती खरी आहे, मी हसणार नाही. शिफ्टच्या नोकरीत रविवारची ती तीन-चार तासांची दोस्ती मोठी वाटते. पण तू एक करून बघ. ग्रुपवर भांडू नकोस, लांबलचक मेसेज लिहू नकोस, त्या बाविसांपैकी जे दोघं-तिघं तुला माणूस म्हणून बरे वाटतात त्यांना वेगळा फोन कर आणि म्हण, पुढच्या रविवारी आपण चौघंच भोरच्या बाजूला जाऊ, ८० च्या आत, येतो का. एक तरी हो म्हणेल. मागे राहून घाबरणारा तू एकटा नसणार, फक्त बाकीचे बोलत नाहीत. आणि कुणीच हो म्हणालं नाही तर तो ग्रुप सोडायला आणखी काय कारण पाहिजे?

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा आकडा सांगते आणि मग त्यावर काही बोलणार नाही. त्या वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातले शंभरातले चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरचे होते. तुमच्या परतीच्या वाटेवर तर खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण आहे, आणि शेवटी कात्रजहून नवले पुलाकडचा उतार, जिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीमुळे कितीतरी गाड्यांचा चुरा झाला होता. तुमचा ॲडमिन तिथे मागे वळून बघत असेल का रे, कोण आलं, कोण राहिलं?

राहता राहिली गाडी. कंपनीचा ओरिजिनल सायलेन्सर घरी माळ्यावर असेल तर या आठवड्यात बसवून घे, प्लेट सरळ कर, दोन्ही आरसे लाव, आणि ठाण्यात जाताना लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी एका फोल्डरमध्ये घेऊन जा. गाडी पप्पांच्या नावावर आहे असं तू ताजा कलममध्ये लिहिलंयस आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही असंही. मग आज रात्रीच सांग त्यांना, जेवण झाल्यावर सांग, काकांचं पण सांग. ते ओरडतील. पण ती नोटीस त्यांच्या नावाने येणार आहे, आणि पोस्टमनने दारात दिलेल्या कागदावरून त्यांना कळलं तर ते तुझ्याबरोबर ठाण्यात येणार नाहीत, आत्ता सांगितलंस तर येतील.

– ताई